पाळण्याचं बारसं

पुण्यात नदीकाठी कुशाबाची बाग होती, तेव्हाची गोष्ट निघाली की जुनी माणसं आधी पाळण्याचंच सांगतात. बाग म्हणायची, पण फुलझाड औषधालाही नव्हतं. लाकडी घोड्यांचं चक्कर होतं, धट्ट्याकट्ट्या माणसाला काडीपैलवान करून दाखवणारे आरसे होते, बंदुकीनं फुगे फोडायचा तंबू होता, भेळेच्या गाड्या होत्या. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर होता आकाशपाळणा. लोखंडी, बारा पाळण्यांचा, संध्याकाळी दिव्यांच्या माळा अंगावर घेऊन फिरणारा. वर गेलं की पर्वती दिसे, नदीचं वळण दिसे, आणि हवा निवळ असली तर सिंहगडसुद्धा. गणपतीच्या दिवसांत आधी आरास बघायची की आधी पाळण्यात बसायचं, यावरून पेठांतल्या घराघरांत रुसवेफुगवे होत.

बाग उभी करणारा कुशाबा मुळशीकडचा, रिह्याच्या खोऱ्यातला. घरी भाताची खाचरं थोडी आणि तोंडं फार, म्हणून तरुणपणी पुण्याला आला. मंडईत पोती उचलली, मग एक लाकडी हातपाळणा घेऊन गावोगावच्या जत्रा केल्या, आणि एक्कावन्न साली नदीकाठची पडीक जागा भाड्यानं घेऊन तिथं हा लोखंडी पाळणा उभा केला. रोज संध्याकाळी फेटा बांधून तो बागेच्या दारात उभा राही आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘या’ म्हणे. लग्नघरी म्हणावं तसं.

प्रभावती त्या दारातून पहिल्यांदा आत आली ती कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर. शाळामास्तरांची मुलगी, इतिहास घेऊन बी.ए.ला बसलेली. तिचा पाळणा नेमका माथ्यावर असताना वीज गेली. मैत्रिणींनी एकमेकींच्या गळ्यात पडून देवाचं नाव घेतलं. प्रभा मात्र कठडा घट्ट धरून समोरच्या पाळण्याकडे एकटक बघत बसली होती. खालून एक तरुण ओरडून सांगत होता, ताई, हलू नका, हातानं फिरवून उतरवतो. उतरल्यावर तिनं त्याचे आभार मानले नाहीत. समोरच्या पाळण्याच्या दांडीची खिट्टी सैल आहे, ती आधी बसवा, म्हणाली, आणि बसवेपर्यंत जागची हलली नाही.

तो तरुण म्हणजे कुशाबाचा मुलगा वाल्मीक. पुढे त्याच्याकडून मागणी आली तेव्हा प्रभाच्या आईनं जत्रेवाल्यांच्या घरात मुलगी द्यायची का म्हणून दोन दिवस अन्न गोड करून घेतलं नाही. शेवटी लग्न झालं, पण ‘ताई’ म्हणून हाक मारलेलीशी लग्न केलं, हे वाल्मीकला पाहुण्यांनी जन्मभर ऐकवलं. तो उलट म्हणे, ही पाळण्यात बसायला आलीच नव्हती, तपासणीला आली होती.

ते खोटं नव्हतं. प्रभाचा स्वभावच तसा. दाराला कडी घातली की पुन्हा एकदा हात लावून बघायची. लग्नानंतर बाग उघडण्याआधी ती वाल्मीकच्या मागे मागे फिरे, त्यानं हात लावलेल्या प्रत्येक खिट्टीला स्वतः हात लावे. कामावरची माणसं पाठीमागे हसत. तिला ते ठाऊक होतं. हसू देत, असं ती मनाशी म्हणे आणि पुढच्या पाळण्याकडे वळे.

एकसष्टच्या जुलैत पानशेत फुटलं. प्रभा तेव्हा पोटुशी होती. पर्वतीच्या पायऱ्यांवरून तिनं बघितलं: लाकडी घोडे चक्करातून सुटून, माना वर करून, एकामागून एक वाहत चालले होते. आरसे, तंबू, गाड्या, कशाचा मागमूस उरला नाही. पाण्यावर तेवढं पाळण्याचं अर्धं चाक उभं होतं.

पाणी ओसरल्यावर कुशाबानं गाळ उपसून पाळणा पुन्हा सुरू केला. पण ज्या काठानं लोकांची घरंदारं नेली, त्या काठावर हसायला कोण येणार? पुढच्या गणपतीत कुशाबा फेटा बांधून दारात उभा राहिला आणि ‘या’ म्हणायला समोर कुणी नव्हतं. मग जागेच्या मालकानं जागा परत मागितली. पाळणा सोडवून, त्याचे आरे आणि पट्ट्या एकावर एक रचून ठेवल्या. त्यावर गंज चढायला लागला. भंगारवाला येऊन बघून गेला. वाल्मीकनं पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी बघितली.

प्रभाच्या कडेवर आता दीड वर्षाची उज्ज्वला होती. खरं म्हणजे नोकरीच्या बातमीनं तिला हायसं वाटायला हवं होतं. ठरलेली वेळ, ठरलेला पगार, जिवाला घोर नाही. पण पाळण्याखाली उभा असला की शीळ घालणारा तिचा नवरा आता घरात पाऊल न वाजवता फिरत होता, आणि सासरे जेवायला बसले की पानातला भात नुसताच कालवत बसायचे. त्या सुखापेक्षा जुना घोर बरा होता, असं तिला वाटू लागलं.

त्रेसष्टच्या चैत्रात कुशाबा म्हणाला, की भंगारात घालायच्या आधी एकदा आपल्या गावच्या यात्रेत नेऊ. मी जत्रेतूनच वर आलो, पाळणाही जत्रा करील. गाव त्यात बसलं तर पुढच्या जत्रा धरायच्या. नाही बसलं, तर यात्रेच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलवायचं आणि वाल्मीकनं खुशाल पिंपरीला जायचं. मग त्यात पुन्हा बोलणं नाही.

घोटावड्यापर्यंत ट्रकनं आणि तिथून बैलगाड्यांनी पाळणा रिह्याला आला. देवळाखालच्या माळावर उभा राहायला त्याला चार दिवस लागले. विजेचा पत्ता नव्हता, म्हणून गावातल्या गेणबानं आपल्या विहिरीवरचं इंजिन यात्रेपुरतं काढून दिलं. गेणबा गावकीतला वजनदार माणूस. कुशाबाचा बालमित्र.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी वाल्मीकनं इंजिन सुरू करून पट्टा चढवला. प्रभा उजूला कडेवर घेऊन बाजूला उभी होती, डोळे मिटून. तिला आवाज ऐकायचा होता. कुठं घासतंय का, कुठं लोखंड कण्हतंय का. पाळणा एक फेरा फिरला, दुसरा फिरला, आणि आवाज आला तो फक्त इंजिनाचा. तिनं डोळे उघडले तेव्हा वाल्मीक शीळ घालत होता.

तेवढ्यात विहिरीवरून हंडे घेऊन येणाऱ्या बाया थांबल्या. पुढं होती सारजाबाई. कुशाबाची थोरली बहीण, गावातच दिलेली. भाऊ पुण्याला गेल्यापासून त्याची खाचरंही तीच बघायची. गावात कुणाच्या घरी लगीन असो की भांडण, सारजाबाई आल्याखेरीज ते सुरू होत नसे. तिनं डोक्यावरचा हंडा उतरवला नाही. नुसती मान वर करून फिरणाऱ्या रिकाम्या पाळण्यांकडे बघत राहिली.

“रिकामा पाळना हलवतुयास व्हय रं? घरात लेकरू असताना?”

वाल्मीक हसला. तिथंच त्याचं चुकलं. म्हणाला, “आत्या, हे मशीन आहे.”

“मंग पाळना कशाला म्हनतुयास? मशीन म्हन,” सारजाबाई म्हणाली आणि चालू लागली. मागच्या बायांनी एकदा उजूकडे बघितलं, एकदा प्रभाकडे, आणि पदर सावरत त्याही गेल्या.

प्रभानं उजूला आणखी जवळ ओढलं. शिकलेली होती, तरी घरी उजूला पाळण्यातून उचललं की ती तिथं दुपट्याची एक घडी ठेवायचीच. रिकामा पाळणा हलू नये, हलला तर लेकराला बाधतं, हे तिच्या आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. शास्त्र नाही हे कबूल, पण घडी ठेवायला काय पडतं? पुण्यात दहा-अकरा वर्षं हा पाळणा रोज सकाळी रिकामाच फिरवून बघत असत. तिथं त्याला ‘आकाशपाळणा’ म्हणत, आणि त्या एका शब्दामुळे कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यात्रा भरली. भैरवनाथाला नैवेद्य निघाले, पिपाण्या वाजू लागल्या, गुडीशेव आणि रेवड्यांच्या पालांपुढं गर्दी झाली. कुशाबा फेटा बांधून पाळण्यापुढं उभा राहिला. ‘या’ म्हणाला. लोक ‘व्हय व्हय, येतो’ म्हणत आणि कुस्त्यांच्या फडाकडे सरकत. पोरं माना मोडेपर्यंत वर बघत आणि आया त्यांच्या दंडाला धरून ओढून नेत. एकीनं तर पोरीला वेणी धरूनच मागं खेचलं.

बाप्येही बसेनात. एकजण म्हणाला, मला काय त्याचं, मी आत्ता बसलो असतो, पण घरी भाकर कोण घालणार? बाकीचे हसले, पण तेही बसले नाहीत. दुपार कलायला लागली तसा गेणबा अवघडल्यासारखा येऊन कुशाबापाशी बसला. सांगू लागला, की बायांनी नाही म्हटलं की आमचं काय चालतं. आणि इंजिन तेवढं संध्याकाळी विहिरीवर लागेल, कांदा पाण्याला आलाय. कुशाबानं मान हलवली. मग त्यानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. प्रभानं सासऱ्यांना चारचौघांत बोडकं कधी बघितलं नव्हतं.

वाल्मीक चिडला होता. म्हणाला, उजूला घेऊन मीच बसतो, लोक बघतील, भीती मोडेल. प्रभानं उजूला त्याच्या हातात दिलं नाही. तुम्ही बसलात तर ते म्हणतील आईबापच उलट्या काळजाचे, म्हणाली. लोखंडाचं कुणाला भय नाहीये. तुम्ही लोखंडाचं समजावताय.

मग कुणाचं, असं त्यानं विचारलं. ती वळली आणि सारजाबाईच्या घराकडे चालू लागली.

सारजाबाई पडवीत पाट्यावर पुरण वाटत होती. सणाचा दिवस, पाहुण्यांची दुसरी पंगत उठायची होती. प्रभानं उजूला बाजूला बसवलं, हात धुतले आणि न विचारता दुसऱ्या बाजूनं डाळ सारून द्यायला लागली. सारजाबाईनं बघून न बघितल्यासारखं केलं.

थोड्या वेळानं प्रभानं विचारलं, “आत्याबाई, रिकामा पाळणा हलला तर त्याला उतारा काय?”

वरवंटा थांबला. थट्टा करायला आली का, हे सारजाबाई तिच्या तोंडाकडे बघून ताडत होती. थट्टा दिसली नाही.

“उतारा नसतुया बाई. आदी वरवंटा घालायचा पाळन्यात, आन् मंग लेकरू. बारशाला बघितलं न्हाईस? रिकाम्या पाळन्याला वाटतं, आपल्यात निजायचं त्ये हेच.” ती पुन्हा वाटायला लागली. जरा वेळानं खाली मान घालूनच म्हणाली, “पुन्यात हुबा केला तवा नारळ कुनी फोडला?”

प्रभानं ऐकलेलं सांगितलं. कुणी मोठे पुढारी आले होते, हार घातले होते.

“व्हय. मला गाडीवानानं सांगितलं. तांदूळ न्यायला आला हुता त्यो. म्हनतुया, तुमच्या भावानं आभाळाएवढा पाळना केलाय, तुमी न्हाई आला? मी पोती भरत हुते. तसंच भरत ऱ्हायले. काय सांगायचं त्याला?”

प्रभाच्या हातातली डाळ हातातच राहिली. सकाळपासून माळावर सगळे ज्या गोष्टीभोवती फिरत होते ती ही होती. इतकी वर्षं हिनं भावाची खाचरं लावली, भावाच्या घरी तांदूळ धाडला, आणि पुण्यातला कुणीही सोम्यागोम्या त्या बागेच्या दारातून आत गेला. रिकाम्या पाळण्याचं भय खरंच होतं, पण ते निवारायचा मान जिचा, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ती हळूच म्हणाली, “मग बारसं राहिलंच की त्याचं.”

“कुनाचं?”

“पाळण्याचं. मामंजींची लेकरं दोनच. हे आणि तो. ह्यांचं वाल्मीक नाव तुम्ही कानात सांगितलंत. त्याचं कोण ठेवणार? आत्या इथं, आणि तो तिथं. बिननावाचाच वाढला.”

 पुरणाचा गोळा पाट्याच्या कडेला सारून सारजाबाईनं वरवंटा पदरानं पुसला. प्रभाला वाटलं आपण जास्त बोललो. मग सारजाबाईच्या गालावरची सुरकुती हलली.

“एवढ्या मोठ्याला कुंची कुटनं शिवायची गं?”

दोघी हसल्या. उजूही हसली, कारण दोघी हसल्या. पण लगेच सारजाबाई गंभीर झाली. आपण होऊन येणार नाही, म्हणाली. कुशानं दारात यावं, अक्षत द्यावी. नाहीतर ते लोखंड घेऊन जावं पुण्याला.

प्रभा माळावर धावतच गेली. कुशाबानं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग उतरला. मी कधी नको म्हणालो होतो का तिला, असं काहीतरी पुटपुटला. नको म्हणाला नव्हताच, ये म्हणाला नव्हता. ते त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण पुढं न बोलता त्यानं फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळला, देवळातून कुंकू आणि तांदूळ घेतले आणि बहिणीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. यात्रेतली निम्मी माणसं मागं आली. कुस्त्या थांबल्या नाहीत, पण बघणारे पातळ झाले.

सारजाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. म्हणाली, “साऱ्या पुन्याला या म्हनलास. मला म्हनलास का, कुशा?”

कुशाबानं तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. भाषण केल्यासारखं बोलायची त्याला सवय होती. पण आज एवढंच म्हणाला, “ये, आक्का.”

मग मात्र सारजाबाईनं वेळ घालवला नाही. उंबरा ओलांडतानाच तिनं हुकूम सोडायला सुरुवात केली. पाळणे बारा, तर बारा घरचे वरवंटे हवेत, आणि खडबडीत नकोत, चांगले धुतलेले. कुणी खणात गुंडाळून आणला, कुणी नव्या टोपड्यात. एका म्हातारीनं वरवंट्याला काजळाची तीटही लावली. माझ्या घरचा का नाही घेतला, म्हणून दोघी-तिघी रुसल्या, तेव्हा सारजाबाईनं त्यांना पुढच्या फेऱ्याला घेऊ म्हणून गप्प केलं. पुढचा फेरा होणार, हे पहिल्यांदा बोललं गेलं ते असं.

खालच्या पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहिल्या. एकीनं वरून वरवंटा दिला, दुसरीनं खालून घेतला. “कुनी गोविंद घ्या, कुनी गोपाळ घ्या.” प्रत्येक पाळणा खाली आला की तेच. पुण्याचा लोखंडी पाळणा, आणि त्यात ओळीनं टोपडी घातलेले दगड बसलेले. वाल्मीक इंजिनापाशी उभा राहून हे बघत होता. त्याला हसू येत होतं, पण आदल्या दिवशीचं हसणं त्याच्या लक्षात होतं. त्यानं ओठ दाबून धरले.

दगडांचा एक फेरा झाला. मग सारजाबाई मधल्या खांबापाशी गेली. कानात सांगायचं, पण कान कुठला? तिनं खांबावरून हात फिरवला, चाकाचा आस टेकतो तिथवर तोंड पोचणं शक्य नव्हतं, पण होईल तितकं जवळ जावं म्हणून गेणबानं तिला खाली एक खोकं दिलं. त्यावर चढून तिनं लोखंडाला तोंड लावलं आणि केलं, “कुर्रर्र.” त्याबरोबर बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले. बारा वर्षांचं राहिलेलं बारसं, बुक्केही त्या मानानं पडले. सारजाबाई खोक्यावरून पडता पडता वाचली आणि हसत, शिव्या देत खाली उतरली.

“नाव ठिवलं, रिहेकर,” तिनं सांगितलं. “पुन्याचा न्हाई आता त्यो.”

माळावर जो हशा आणि ओरडा उठला, तो ऐकून फडातले पैलवान एकमेकांना सोडून वर बघायला लागले.

आता घरचं लेकरू. सगळ्यांचे डोळे प्रभाच्या कडेवर आले. ही वेळ येणार हे तिला ठाऊक होतं. तिनंच आणली होती. तरी उजूचे पाय तिनं पोटाशी घट्ट दाबून धरले. पुण्यात आजवर ती या लेकराला पाळण्याच्या कठड्याजवळही घेऊन गेली नव्हती. वाल्मीक हळूच म्हणाला, मी सगळं बघितलंय. ती म्हणाली, मलाही बघू द्या.

तिनं इंजिन थांबवायला लावलं. उजूला सारजाबाईकडे दिलं आणि पाळणे एकेक खाली घेऊन प्रत्येक दांडी, प्रत्येक खिट्टी हातानं हलवून बघितली. लोक चुळबुळले. मागून कुणीतरी म्हणालं, शेहरातली बाई लई भेती. सातव्या का आठव्या पाळण्याला तिचा हात थांबला. वरवंटा ठेवताना कुणा बाईनं खिट्टी काढली होती, आणि ती लोखंडी खिळी बारशाला शोभेना म्हणून दांडी लाल नाडीनं बांधून टाकली होती. छान बांधली होती, गाठीला फूलही केलं होतं. प्रभानं नाडी सोडली, गवतात शोधून खिट्टी आणली, बसवली, दोनदा ओढून बघितली.

 सारजाबाई म्हणाली, “भेतीस बया तू.”

“भिते म्हणून तर बघते, आत्याबाई.”

 मग उजूला घेऊन, लुगड्याचा काष्टा सावरत, सारजाबाई खालच्या पाळण्यात जाऊन बसली आणि शेजारची जागा हातानं थोपटली. प्रभा बसली. दांडी लागली. वाल्मीकनं पट्टा चढवला.

पाळणा वर जाऊ लागला. प्रभानं एक हात उजूभोवती घातला, दुसरा दांडीवर ठेवला, आणि कान सवयीनं लोखंडाकडे लावले. लोखंड गप्प होतं. मग कानावर दुसराच आवाज आला. सारजाबाई हसत होती, पोटातून, लहान पोरीसारखी. खाली खाचरांचे बांध दिसत होते, त्यातला प्रत्येक तिनं स्वतः बांधलेला. ते बघ माझं वरचं खाचर, ते बघ कुशाचं, कसं कापल्यासारखं दिसतंय, असं ती उजूला सांगत होती. उजू दोन्ही हात वर करून ओरडली. पाळणा खाली आला, पुन्हा वर गेला, आणि प्रभाच्या लक्षात आलं की आपण दांडीवरचा हात कधीच काढून घेतला आहे.

उतरायची वेळ आली तेव्हा उजू उतरेना. ‘पुन्ना, पुन्ना’ करून तिनं दांडीला मिठी मारली. तिला बघून शेजारच्या पोरानं भोकाड पसरलं, मग दुसऱ्यानं, आणि मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्यांचे वरवंटे होते त्या बाया हक्कानं आपापल्या पाळण्याकडे धावल्या. जुना मान, नवी धक्काबुक्की. आणि बसली की प्रत्येक बाई एकच करू लागली: वाल्मीकला नाही, प्रभाला हाक मारू लागली. “सूनबाई, माज्या पाळन्याची खिट्टी बगा.” “बाई, माजी राहिली की.” प्रभा एका पाळण्यावरून दुसऱ्यावर जात होती. बघितली म्हणून मान हलवायची, तेव्हाच ती बाई इंजिनवाल्याला हात करायची.

कुशाबा समोर उभा होता, पण त्याला आता ‘या’ म्हणायला उसंत नव्हती. तो ‘थांबा, थांबा’ म्हणत होता, ‘रांगेनं, रांगेनं’. गेणबा स्वतःच्या बायकोबरोबर दोनदा बसून आला आणि इंजिनाचं नाव काढेना. शेवटी कुशाबानंच कांद्याची आठवण केली, तर म्हणाला, कांदा एक दिवस तहानेला राहील, मरत नाही. दिवस मावळला तसे कुणीतरी देवळातले कंदील आणून खांबांना बांधले. पुण्यातल्या माळांपुढं तो उजेड काहीच नव्हता. पण खोऱ्यात दुसरा उजेड नव्हता, आणि तिन्ही बाजूंच्या वाड्यांवरून लोक तो बघून उतरू लागले.

शेजारच्या मुठे गावची मंडळीही यात्रेला आली होती. त्यांचे पाटील मिशीवर हात फिरवत कुशाबापाशी आले आणि म्हणाले, आमची यात्रा पौर्णिमेला आहे, रिहेकराला आमच्याकडं धाडा. मागून आणखी दोन गावांची माणसं तेच विचारायला उभी होती. कुशाबा म्हणाला, मला काय विचारता, त्याच्या आत्याला विचारा. सारजाबाई पदर खोचून पुढं आली आणि कुठल्या गावानं आधी मान द्यायचा यावर बोलणी सुरू झाली. वाल्मीक तेल घालता घालता ऐकत होता. पिंपरीचं नाव त्या संध्याकाळी कुणी काढलं नाही, पुढंही नाही.

ठरवाठरव झाली तसे पाटील म्हणाले, बघू तरी काय चीज आहे, आणि पाळण्यात जाऊन बसले. बसले म्हणजे टेकले. पहिल्याच फेऱ्याला, सगळ्या गावांनी आपल्याला बघावं म्हणून, वरच्या टोकाला गेल्यावर ते धोतर सावरत उभे राहिले.

प्रभानं हात वर केला. वाल्मीकनं पट्टा सोडला आणि पाळणा वरच थांबला. खालून तिचा आवाज इतका खणखणीत गेला की बोलणी करणारेही वळले.

“पाटील, खाली बसा. माझ्या पाळण्यात उभं राहायचं नाही.”

पाटलांनी खाली बघितलं. एवढ्या माणसांत, कडेवर पेंगुळलेलं लेकरू घेतलेली एक लहानखुरी बाई, एक हात वर धरून उभी. त्यांनी क्षणभर विचार केला आणि बसले. तिनं दांडी लागलेली बघितली, मग हात खाली केला, आणि रिहेकर पुन्हा फिरू लागला.